भारतातील दहशतवाद आणि त्याविरुद्धचे धोरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कायद्याच्या आणि पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांशी या विषयावर बोलायला बसले की थोड्याफार फरकाने हेच प्रश्न येतात. काही रागातून येतात, काही भीतीतून, काही खऱ्या कुतूहलातून. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढची उत्तरे कोणत्या बाजूने लिहिली आहेत हे वाचकाला कळेल. गेल्या चाळीस वर्षांचा आपला अनुभव पाहिला तर दहशतवादाविरुद्धचे यशापयश पोलीस ठाण्यातल्या नोंदीत, पंचनाम्यात आणि साक्षीदाराच्या धीरात दडलेले दिसते. संसदेतल्या गडगडाटाचा त्यातला वाटा फार थोडा आहे.

दहशतवादी कृत्य म्हणजे काय, हे कायद्यात कुठे लिहिले आहे का?

हो. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, म्हणजे आपण ज्याला यूएपीए म्हणतो, त्याच्या कलम १५ मध्ये. देशाची एकता, अखंडता, सुरक्षा, आर्थिक सुरक्षा किंवा सार्वभौमत्व धोक्यात आणण्याच्या अथवा लोकांमध्ये दहशत पसरवण्याच्या हेतूने स्फोटके, शस्त्रे, विषारी द्रव्ये वगैरे वापरून जीव घेणे, जखमी करणे, मालमत्ता उद्ध्वस्त करणे, ओलीस धरणे हे सगळे त्यात येते. उच्च दर्जाच्या बनावट नोटांचा व्यवहारही येतो. व्याख्येत 'अन्य कोणत्याही साधनाने' असे शब्द आहेत आणि खरा वाद त्या शब्दांभोवती आहे, कारण ते ताणले तर बरेच काही आत ओढता येते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ११३ मध्येही जवळपास तीच व्याख्या आली आहे. गुन्हा कोणत्या कायद्याखाली नोंदवायचा हे पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याने ठरवायचे. एकाच कृत्याला दोन दरवाजे का ठेवले, याचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही.

भारतातला दहशतवाद म्हणजे काश्मीर आणि पाकिस्तान, एवढेच ना?

नाही, आणि हा गैरसमज महागात पडतो. पंजाबातल्या खलिस्तानी हिंसेने ऐंशीचे दशक काळवंडून टाकले. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान अटलांटिकवर स्फोटात कोसळले आणि ३२९ माणसे गेली. त्या हिंसेची झळ पुण्यापर्यंत आली. ऑपरेशन ब्लू स्टारच्या वेळी लष्करप्रमुख असलेले जनरल अरुणकुमार वैद्य निवृत्तीनंतर पुण्यात राहत होते. १० ऑगस्ट १९८६ रोजी त्यांची भर रस्त्यात हत्या झाली. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली ती श्रीलंकेतल्या एलटीटीई या तमिळ फुटीर संघटनेकडून.

ईशान्येची कहाणी आणखी वेगळी आहे. मिझोराममध्ये १९६६ साली उठाव झाला, वीस वर्षे रक्त सांडले, मग १९८६ मध्ये करार झाला आणि बंडाचे नेते लालडेंगा मुख्यमंत्री झाले. मिझोराम आज देशातल्या शांत राज्यांपैकी एक आहे. वाटाघाटींनी काहीच साधत नाही असे कुणी म्हणाले की मी मिझोरामचे नाव घेतो. बाजूच्या नागालँडमध्ये मात्र नागा बंडखोर गटाशी २०१५ चा आराखडा करार होऊनही अंतिम तोडगा लांबतच गेला, त्यामुळे करार हा काही रामबाण आहे असेही मी म्हणणार नाही.

चौथा प्रवाह माओवाद्यांचा. त्याबद्दल पुढे सविस्तर, कारण तो आपल्या घरातला आहे.

गेल्या वीस वर्षांत दहशतवादाचे रूप कसे बदलले?

२००५ ते २०१३ हा शहरांतल्या साखळी स्फोटांचा काळ होता. दिल्ली, मुंबई, जयपूर, अहमदाबाद, पुण्याची जर्मन बेकरी, हैदराबादचे दिलसुखनगर. लोकलमध्ये बेवारस पिशवी दिसली की आख्खा डबा रिकामा व्हायचा, हे त्या काळात मुंबईत राहिलेल्या प्रत्येकाला आठवते. २०१३ नंतर हे प्रमाण खूप घटले. इंडियन मुजाहिदीन या दहशतवादी संघटनेचे जाळे मोडले, राज्याराज्यांतल्या पोलिसांत माहितीची देवाणघेवाण सुधारली.

त्यानंतर आले ते लहान गट आणि एकेकटी माणसे. कोईम्बतूरला ऑक्टोबर २०२२ मध्ये गाडीतल्या सिलिंडरचा स्फोट, पुढच्याच महिन्यात मंगळुरूला रिक्षातल्या कुकरचा स्फोट, मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूच्या रामेश्वरम कॅफेत स्फोट. माणसे थोडी, संपर्क मोबाइलवर, सामान बाजारातले. अशा गटात खबरी पेरणे अवघड असते, कारण तीन माणसांच्या गटात चौथा शिरला तर लगेच उठून दिसतो.

काश्मीरमध्ये २०२१ नंतर हिंसेचा रोख खोऱ्यातून पीर पंजालच्या दक्षिणेला, राजौरी-पूंछ आणि पुढे जम्मूच्या इतर भागांकडे सरकला. ९ जून २०२४ रोजी रियासीत यात्रेकरूंच्या बसवर हल्ला होऊन ९ जण गेले. आणि २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामच्या बैसरन पठारावर २६ जणांना गोळ्या घातल्या, त्यात महाराष्ट्रातले सहा होते. मारेकऱ्यांपैकी तिघांना २८ जुलैला दाचीगामच्या जंगलात मारले. जून २०२१ मध्ये जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनने स्फोटके टाकली गेली, तेव्हापासून आकाशाकडेही पाहावे लागते.

आता एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण माझे सगळे म्हणणे त्यात आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये श्रीनगरच्या नौगाम भागात भिंतींवर पाकिस्तानातल्या जैश-ए-मोहम्मदची धमकीची पोस्टर्स लागली. पोस्टर फाडून फाइल बंद करणे सोपे होते. ठाण्याने गुन्हा नोंदवला, सीसीटीव्हीचे चित्रण बारकाईने पाहिले, पोस्टर लावणाऱ्यांना ओळखले, आणि तो धागा ओढत तपास थेट फरिदाबादपर्यंत गेला. तिथे सुमारे २,९०० किलो स्फोटक साहित्य सापडले. संशयितांत डॉक्टर होते. १० नोव्हेंबरला लाल किल्ल्याजवळ कारस्फोट झालाच, निष्पाप माणसे गेली. पण ते साहित्य सापडलेच नसते तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही. त्याच साहित्याचा काही भाग नौगाम ठाण्यात ठेवला होता. १४ नोव्हेंबरच्या रात्री नमुने घेताना अपघाती स्फोट झाला आणि नऊ जण मरण पावले. ज्या ठाण्याने देशाला वाचवले, त्या ठाण्यात इतकी स्फोटके ठेवायला सुरक्षित जागा नव्हती.

१९९३ ला मुंबईत एवढे आरडीएक्स आलेच कसे?

हे स्फोटक आले रायगडच्या किनाऱ्यावरून. दिघी आणि शेखाडीला माल उतरला. चोरटे सोने-चांदी उतरवण्याची वाट आधीच रुळलेली होती, हप्ते ठरलेले होते. पेट्यांत यावेळी चांदी आहे की आणखी काही, हे पाहण्याची तसदी पैसे घेणाऱ्यांनी घेतली नाही. १२ मार्च १९९३ च्या दुपारी मुंबईतल्या साखळी स्फोटांत २५७ लोक मेले. पुढे टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या विशेष न्यायालयात कस्टम्सचे आणि पोलीस दलातले काही जण दोषी ठरले.

तपास लागला तोही साध्या गोष्टीवरून. वरळीला शस्त्रे असलेली एक मारुती व्हॅन बेवारस सापडली आणि तिच्या नोंदणीवरून पोलीस माहीमच्या मेमन कुटुंबापर्यंत पोचले. बॉम्ब आत आला तो विकल्या गेलेल्या गस्तीमुळे, गुन्हा उकलला तो गाडीच्या कागदपत्रांमुळे. भ्रष्टाचार हा दहशतवादाच्या चर्चेत वेगळा विषय मानला जातो. मी तो मानत नाही.

२६/११ नंतर नेमके काय बदलले?

बरेच बदलले, पण सगळे नाही. कराचीहून समुद्रमार्गे आलेल्या दहा जणांनी 'कुबेर' ही मासेमारी नौका बळकावली आणि कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत ते उतरले. १६६ माणसे गेली. एनएसजी, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे कमांडो दिल्लीजवळच्या मानेसरला होते. ते मुंबईत पोचेपर्यंत सकाळ उजाडली. समुद्रमार्गे हल्ल्याचे इशारे आधी येऊन गेले होते, पण ते कागदावरून रस्त्यावर उतरले नाहीत, हे राम प्रधान समितीच्या चौकशीतही पुढे आले.

त्यानंतर महिन्याभरात राष्ट्रीय तपास यंत्रणेचा, म्हणजे एनआयएचा, कायदा झाला, यूएपीए कडक झाला. मुंबई, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद येथे एनएसजीचे तळ झाले. महाराष्ट्राने 'फोर्स वन' हे कमांडो दल उभारले. किनारी सुरक्षेची जबाबदारी तटरक्षक दल, नौदल आणि सागरी पोलीस ठाण्यांत वाटली गेली, मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली. गुप्तचर खात्याच्या अखत्यारीतले बहुसंस्था केंद्र, जिथे सगळ्या यंत्रणांची माहिती एकत्र येते, ते रोज काम करू लागले. निरनिराळ्या खात्यांतल्या नोंदी एकाच जाळ्यात जोडणारे 'नॅटग्रिड' आखले गेले; ते मार्गी लागायला दशकाहून जास्त काळ गेला. मुंबईच्या सीसीटीव्ही जाळ्याचे काम पुरे व्हायलाही २०१६ साल उजाडले.

राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्राचा प्रस्ताव २०१२ मध्ये आला, पण अटक आणि झडतीचे अधिकार केंद्राच्या गुप्तचर यंत्रणेकडे देण्याला अनेक मुख्यमंत्र्यांनी विरोध केला आणि तो बारगळला. पोलीस हा राज्यघटनेप्रमाणे राज्यांचा विषय आहे, तेव्हा तो विरोध पूर्णपणे राजकीय होता असे मला वाटत नाही.

बदलले नाही ते हे: गस्तीनौका आल्या, त्या चालवणारे प्रशिक्षित खलाशी आणि वेळच्या वेळी दुरुस्ती यांची रड पुढे वर्षानुवर्षे चालू राहिली. पोलिसांतली रिक्त पदे अजूनही आहेत.

आणि एक गोष्ट कधीही विसरता येणार नाही. गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असलेले सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली, स्वतःच्या अंगात गोळ्या घेतल्या आणि तो जिवंत सापडला. जिवंत सापडला म्हणून खटला उभा राहिला, जगासमोर कट सिद्ध करता आला. तीन न्यायालयांनी प्रकरण तपासले, मग २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपींना पुराव्याअभावी तिन्ही न्यायालयांनी सोडले. देश संतापलेला असतानाही न्यायालयांनी प्रत्येकाचा पुरावा स्वतंत्रपणे तोलला, याचा मला अभिमान वाटतो.

एनआयए आणि एटीएस यांत फरक काय?

एटीएस (दहशतवादविरोधी पथक) राज्याची, महाराष्ट्राने ती २००४ मध्ये स्थापन केली. एनआयए केंद्राची, ठरावीक कायद्यांखालचा कोणताही गुन्हा केंद्र सरकार तिच्याकडे सोपवू शकते, त्यासाठी राज्याची संमती लागत नाही. तपास अर्ध्यावर एका यंत्रणेकडून दुसरीकडे गेला की साक्षीदारांचे जबाब नव्याने होतात आणि दोन जबाबांतली तफावत बचाव पक्षाच्या हाती लागते. हस्तांतर करायचेच तर लवकर करावे.

टाडा, पोटा, यूएपीए, मकोका: एवढे कायदे लागतात कशाला?

प्रत्येक मोठ्या हल्ल्यानंतर सरकारला काहीतरी केल्याचे दाखवावे लागते. साप निघून गेल्यावर भुई धोपटावी, तसा कायदा येतो.

इंदिरा गांधींच्या हत्येनंतर, पंजाब पेटलेला असताना, १९८५ मध्ये टाडा आला. १९८७ पासून पोलीस अधीक्षकासमोर दिलेला कबुलीजबाब त्यात पुरावा म्हणून चालत असे. दहा वर्षांत पाऊण लाखाहून अधिक लोकांना त्याखाली पकडले, आणि शिक्षा झालेल्यांचे प्रमाण नगण्य राहिले. ज्या गुजरातेत तेव्हा दहशतवाद जवळजवळ नव्हता तिथेही हजारोंना टाडा लागला. १९९४ मध्ये करतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा टिकवला पण बंधने घातली. १९९५ मध्ये तो मुदत संपून गेला. संसदेवरच्या १३ डिसेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर, मार्च २००२ मध्ये संयुक्त अधिवेशन बोलावून पोटा मंजूर केला गेला आणि २००४ मध्ये रद्द झाला. पण रद्द करताना त्यातल्या बऱ्याच तरतुदी यूएपीएत आणून ठेवल्या. मूळ यूएपीए १९६७ चा, संघटनांवर बंदी घालण्यापुरता. २००४, २००८, २०१३ आणि २०१९ च्या दुरुस्त्यांनी तो आजच्या रूपाला आला. २०१९ पासून तर संघटनेप्रमाणे एकट्या व्यक्तीलाही दहशतवादी घोषित करता येते, तेही खटल्याआधी.

मकोका, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, हा आपला, १९९९ चा, मुळात खंडणीखोर टोळ्यांसाठी. यूएपीएत पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा ठरत नाही, मकोकात ठरतो, म्हणून महाराष्ट्रात दहशतवादाच्या खटल्यांनाही तो लावला जातो. ही सोय पुढे कशी अंगाशी येते ते खाली सांगतो.

यूएपीएत जामीन इतका अवघड का?

कलम ४३ड च्या पोटकलम ५ मुळे. आरोप सकृद्दर्शनी खरे वाटत असतील तर न्यायालय जामीन देऊ शकत नाही. २०१९ च्या वटाली निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या टप्प्यावर पुराव्याची खोलवर छाननी करायची नाही. म्हणजे पोलिसांनी कागदावर जे मांडले ते बहुतांशी खरे धरायचे. दोषारोपपत्राला १८० दिवसांपर्यंत मुदत. २०२१ च्या नजीब निकालाने एक खिडकी उघडली: खटला लवकर संपण्याची चिन्हे नसतील तर घटनेच्या कलम २१ नुसार जामीन देता येतो.

सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे २०१८ ते २०२० या तीन वर्षांत यूएपीएखाली ४,६९० जणांना अटक झाली आणि त्या काळात १४९ जण दोषी ठरले. खटले वर्षानुवर्षे चालतात, तेव्हा दोषी ठरलेले हे त्याच अटकेतले असतील असे नाही. तरीही फरक डोळ्यांत भरतो. जामीन नाही आणि खटलाही सुरू होत नाही, अशा स्थितीत कैद हीच शिक्षा होऊन बसते. एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी, ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी खटला सुरू होण्याआधी, कोठडीत असतानाच मरण पावले.

इतके कडक कायदे असूनही आरोपी सुटतात कसे?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि बहुधा न्यायालयांवरच्या रागातून विचारला जातो. उत्तर खटल्यांच्या कागदांत आहे.

११ जुलै २००६. पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये काही मिनिटांत सात स्फोट, १८९ मृत्यू. मकोका लावला, कबुलीजबाब घेतले. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवले, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडले. कबुलीजबाब छळ करून घेतल्याचे आणि एकमेकांची नक्कल असल्यासारखे. ओळख परेड ज्या अधिकाऱ्याने घेतली त्याला तो अधिकारच नव्हता. साक्षीदार महिनोन्महिने गप्प राहून मग बोललेले. जप्त मुद्देमालाचे सील आणि साठवण यांत त्रुटी. वापरलेला बॉम्ब कोणत्या प्रकारचा होता हेही सिद्ध झाले नाही. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात जायला सांगितले नाही.

दहा दिवसांनी, ३१ जुलैला, २००८ च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी एनआयए न्यायालयाने सोडले. त्या स्फोटात सहा जण मेले होते. तपास आधी एटीएसकडे, मग एनआयएकडे; साक्षीदार मोठ्या संख्येने उलटले. त्याआधी, मालेगावच्याच २००६ च्या स्फोटांत पकडलेले नऊ मुस्लिम तरुण २०१६ मध्ये आरोपमुक्त झाले होते. अक्षरधाम हल्ल्यातल्या सहा जणांना, त्यात तिघे फाशीची शिक्षा झालेले, सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०१४ रोजी सोडले.

एकीकडे मुस्लिम आरोपी सुटले की एक बाजू संतापते, दुसरीकडे हिंदुत्ववादी आरोपी सुटले की दुसरी. मला दोन्ही निकालांत एकच आजार दिसतो. कबुलीजबाबावर विसंबण्याची सवय लागली की बाकीचा तपास ढिला पडतो: फोनचे तपशील वेळेत घेतले जात नाहीत, पंच ठरलेलेच असतात, न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल उशिरा येतो. साक्षीदाराला सतरा वर्षांनी न्यायालयात उभे केले तर तो काय आठवणार आणि कुणाच्या भरवशावर बोलणार? साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायद्याचे बळ दिले. तिचा वापर अजून तोकडा आहे.

आणि चुकीचा माणूस पकडला म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. खरा बॉम्ब ठेवणारा त्या सगळ्या वर्षांत मोकळा फिरत असतो. हे ज्याला कळते तो नीट तपासाचा आग्रह देशाच्या सुरक्षेसाठीच धरतो.

मग कडक कायदा नकोच, असे म्हणायचे आहे का?

नाही. संघटित दहशतवादी गटांच्या तपासाला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, पैशाचा माग काढायला विशेष अधिकार लागतात, हे मला मान्य आहे. अहमदाबादच्या २००८ च्या स्फोटांत फेब्रुवारी २०२२ मध्ये ४९ जण दोषी ठरले, ३८ जणांना फाशी सुनावली गेली. खटला उभा राहू शकतो. पण कायद्याचे अधिकार वाढवताना अधिकाऱ्याची जबाबदारीही वाढायला हवी. खटल्याला मंजुरी देण्याआधी स्वतंत्र छाननीची अट कलम ४५ मध्ये आहे. ती अनेकदा उपचार म्हणून उरकली जाते, आणि मग मंजुरीतली चूक वरच्या न्यायालयात खटल्याच्या मुळावर येते. नागपूर खंडपीठापुढच्या माओवाद्यांशी संबंधांचा आरोप असलेल्या प्राध्यापक साईबाबांच्या खटल्यात ते दिसले.

गडचिरोलीत माओवाद खरेच संपत आला का?

सशस्त्र ताकद फार खचली आहे, हे निश्चित. सप्टेंबर २००४ मध्ये दोन मोठे गट एकत्र येऊन भाकप (माओवादी) पक्ष झाला. ६ एप्रिल २०१० रोजी दंतेवाड्यात एका सकाळी ७६ जवान मारण्याइतकी त्याची ताकद होती. गडचिरोलीत १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनी, जांभुळखेड्याजवळच्या भूसुरुंग स्फोटात १५ जवान आणि गाडीचा चालक गेले. त्याच्या अगदी उलटे चित्र ऑक्टोबर २०२५ मध्ये दिसले: केंद्रीय समितीतला वरिष्ठ नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला. मे महिन्यात सरचिटणीस बसवराजू छत्तीसगडमध्ये मारला गेला होता. २०१८ मध्ये १२६ जिल्हे माओवादग्रस्त मानले जात, एप्रिल २०२५ मध्ये १८ उरले.

हे कसे झाले? गडचिरोली पोलिसांच्या सी-६० दलाचे उदाहरण मी नेहमी देतो. १९९० मध्ये साठ जवानांपासून सुरू झालेले हे दल स्थानिक मुलांचे आहे. गोंडी, माडिया बोलणारे, जंगलाची वाट जाणणारे. बाहेरून आलेल्या तुकडीला जे दहा वर्षांत कळत नाही ते त्यांना उपजत कळते. जोडीला रस्ते, मोबाइलचे मनोरे, आत्मसमर्पणाची चांगली योजना, आणि दलममध्ये (माओवाद्यांच्या सशस्त्र तुकडीत) नवी भरती आटणे. पोलिसांनी दाखले आणि कागदपत्रे मिळवून देण्याचेही काम केले. मोठ्या शहरात बसून हे किरकोळ वाटेल. पण जातीचा दाखला आणि रेशनकार्ड ज्या माणसाने मिळवून दिले त्याला गावात पाणी विचारले जाते, आणि खबरही तिथूनच मिळते.

मात्र ग्रामसभांचे वनहक्क, खाणींसाठी जाणारी जमीन, चकमकीत मेलेल्यांपैकी कोण खरेच सशस्त्र होते याची चौकशी, हे प्रश्न बंदुकांबरोबर शरण आलेले नाहीत. पोलीस आणि माओवादी या दोघांच्या संशयाखाली तिथल्या आदिवासींनी दोन पिढ्या काढल्या. त्यांचे हक्क मिळणे हा सुरक्षा धोरणाचाच भाग मानायला हवा.

दहशतवाद्यांना पैसा कुठून येतो?

हवाला, अमली पदार्थ, बनावट नोटा, खंडणी, धर्मादाय नावाखाली गोळा झालेल्या देणग्या, आता आभासी चलनही. गडचिरोलीत तेंदूपत्त्याचा हंगाम आला की कंत्राटदारांकडून वसुली व्हायची, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असलेले गुपित. संशयास्पद व्यवहारांवर लक्ष ठेवणारी वित्तीय गुप्तवार्ता शाखा २००४ पासून आहे. नोटाबंदीने हा पैसा आटेल असे सांगितले गेले. रद्द झालेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के बँकांत परत आल्या, तेव्हा त्या युक्तिवादात फार दम उरला नाही. दहशतवादाचा पैसा रोखण्यावर लक्ष ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेने पाकिस्तानला जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ 'करड्या यादीत' ठेवले, त्याचा दबाव जास्त जाणवला.

पाकिस्तानला जशास तसे उत्तर दिले की दहशतवाद थांबेल का?

२०१६ चे लक्ष्यभेदी हल्ले, २०१९ चे बालाकोट, ७ मे २०२५ चे ऑपरेशन सिंदूर: दर वेळी उत्तर वरच्या पायरीवर गेले. शेजाऱ्याला किंमत मोजावी लागते, हे मला पटते. पण पुलवामात ४० जवान गेले त्यात गाडी चालवणारा आत्मघातकी तरुण स्थानिक होता. क्षेपणास्त्र तिथे पोचत नाही. राजनैतिक बाजूला चिकाटी लागते. १९९९ मध्ये अपहृत विमानाच्या बदल्यात कंदाहारला सोडलेल्या, जैशच्या मसूद अझहरला संयुक्त राष्ट्रांच्या यादीत घालायला मे २०१९ उजाडला. दहशतवादाविरुद्धचा सर्वंकष आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९६ मध्ये मांडला, तो व्याख्येवरच अडून आहे. २६/११ च्या कटातला आरोपी तहव्वुर राणा एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतून भारताच्या ताब्यात आला तो वर्षानुवर्षांच्या न्यायालयीन पाठपुराव्यामुळे, आणि मला तो विजय मोठा वाटतो.

घरातला मुलगा मोबाइलवर भलत्याच गोष्टींत अडकतोय असे वाटले तर?

पोलिसांकडे जायला घरचे घाबरतात, कारण मुलगा थेट तुरुंगात जाईल असे वाटते. २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण इराकला गेले, तेव्हापासून महाराष्ट्र एटीएसने समुपदेशनावर भर दिला आणि गुन्हा घडण्याआधीच कितीतरी मुलांना घरी परत आणले. आई-वडील, शिक्षक, मौलवी यांना सोबत घेऊन. ज्या घराला पोलिसांचा भरवसा वाटतो तेच घर फोन उचलते, आणि निष्पाप मुले उचलली गेलेल्या मोहल्ल्यात तो भरवसा उरत नाही.

स्फोटातल्या बळींच्या कुटुंबाला काय मिळते? आणि निर्दोष सुटलेल्याला?

केंद्राच्या २००८ च्या योजनेत मृताच्या कुटुंबाला किंवा कायमचे मोठे अपंगत्व आलेल्या व्यक्तीला मदत मिळते. सुरुवातीला ती तीन लाख रुपये होती, २०१६ पासून पाच लाख झाली. राज्य सरकार आणि रेल्वे वेगळी मदत देतात. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात करायचा. कागदपत्रे जमवताना दमछाक होते, म्हणून मृत्यूचा दाखला, गुन्ह्याच्या नोंदीची प्रत आणि रुग्णालयाचे कागद पहिल्या आठवड्यातच गोळा करावेत. लोकलमधल्या स्फोटांत जखमी झालेले काही जण पुढे वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळून राहिले आणि मगच गेले. त्यांच्या घरच्यांसाठी खटला हीच एक आशा होती.

निर्दोष सुटलेल्याला कायद्याने काही मिळत नाही. अक्षरधाम खटल्यातून सुटलेल्यांनी भरपाई मागितली, ती २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऐकून घ्यायला नकार दिला. चुकीच्या खटल्यात अडकलेल्यांना भरपाई देणारा कायदा करावा, अशी शिफारस विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात केली. तसा स्वतंत्र कायदा झालेला नाही. २००६ च्या लोकल स्फोटांच्या खटल्यातले तरुण सुटले तेव्हा त्यांच्यातले बहुतेक जण एकोणीस वर्षे आत काढून पन्नाशीच्या आसपास पोचले होते. एक जण निकालाआधीच २०२१ मध्ये तुरुंगात असताना मरण पावला. निर्दोष ठरलेल्या बाराजणांत त्याचेही नाव आहे.